मृगाच्या आधी घराचं काय काय करून घ्यायचं, अन् रंग शेवटी का

दोन वर्षांआधी साळ्याच्या लग्नाचे पाहुणे आपल्याकडे उतरणार म्हणून आम्ही एप्रिलमध्ये हॉल रंगवून घेतला, चांगला महागातला, ओल्या फडक्यानं पुसता येतो म्हणे तो, आणि जुलैमध्ये त्याच हॉलच्या कोपऱ्यात वरून एक डाग उतरला, आधी रुपयाएवढा, मग ताटाएवढा, अन् पोळा येईपर्यंत नखानं पोपडे निघून राहिले होते. आई म्हणाली, "डोस्कं भिजून राहिलं अन् हा पायमोजे शोधून राहिला." तेव्हापासून आमच्या घरच्या तयारीच्या यादीत रंग सगळ्यात खाली असतो, आणि यादी सुरू होते स्लॅबवरून, म्हणजे पाणी जसं उतरतं तशीच.

आधी वेळेचं. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, नागपुरात पाऊस जमतो तो साधारण जूनच्या मध्याला, पण मिस्त्री मात्र तोपर्यंत मिळत नाही. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यांत दुपारी स्लॅबवर कोणी चढत नाही आणि चढूही नये, आणि जून लागला की अर्धे मजूर पेरणीसाठी गावाकडे. म्हणून वरची कामं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायची. पहिली सर आल्यावर फोन केला तर तो म्हणतो "उद्या येतो भाऊ", आणि तो उद्या थेट गणपतीत उगवतो.

स्लॅबवर पहिलं काम फुकटातलं. झाडून काढा. कडूलिंबाचा पाला, पतंगाचा मांजा, कुंड्यांखालची माती, दिवाळीपासून पडलेलं भंगार, सगळं. मग पाणी जायची तोंडं प्लास्टिकच्या पन्नीत चिंध्या कोंबून बंद करा आणि संध्याकाळी इंचभर पाणी साठवून चोवीस तास ठेवा, खाली प्रत्येक खोलीच्या छताला टॉर्च मारून पाहा. पाणी वाया जातं हे खरं, म्हणून आम्ही एकदम सगळी स्लॅब भरत नाही, संशय असलेल्या कोपऱ्याला ओल्या मातीची पाळ घालून तेवढंच भरतो. अंदाजासाठी सांगतो, हजार स्क्वेअर फूट स्लॅबवर एक इंच पाऊस पडला की ते तेवीसशे लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे वरच्या हजार लिटरच्या टाक्या दोन भरून उरतील एवढं, आणि ते सगळं चार इंची पाइपातून जायचं आहे. तोंडावर जाळी नसेल तर साधीशी जाळी हीच या यादीतली सगळ्यात कामाची खरेदी आहे.

गळतं ते बहुतेक वेळा स्लॅबच्या मधून नाही, कठड्याची भिंत आणि स्लॅब मिळतात तिथून. तिथला गोला, म्हणजे सिमेंटचा तो गोलसर उतार, सुटलेला असतो. पेचकस घालून पाहा, पोकळ वाजला तर काढून नवा मारून घ्या. चिरा असतील तर नुसत्या वरून लिंपू नका, आधी व्ही आकारात थोड्या उघडायच्या, धूळ ब्रशनं काढायची, भरायच्या, वाळू द्यायच्या, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि जोडावर मध्ये फायबरची जाळी दाबायची. आणि हे काम सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य उतरल्यावर. आमच्याकडे आलेल्या माणसानं भर दुपारी ४५ डिग्रीत तापल्या तव्यावर डोसा घालावा तसा कोट ओढला होता, आठ दिवसांत फोड आले. डब्यावर किती स्क्वेअर फुटाला किती माल ते छापलेलं असतं, तेवढा गेला की नाही ते रिकामे डबे मोजून पाहा, कारण पाणी मिसळून एकाच डब्यात दोन घरं करणारेही आहेत.

बजेट अगदीच नसेल तर चिरा तेवढ्या भरा आणि वरून चुना मारा, त्यात थोडं फेविकॉल टाकून. गळती त्यानं थांबत नाही हे आधीच सांगतो, पण पांढऱ्या स्लॅबनं खालच्या खोलीत रात्री फरक पडतो, पंख्यातून गरम हवा यायची ती कमी होते.

महालात, म्हणजे जुन्या नागपुरात, आजोबांच्या घरावर कवेलू (मातीची कौलं) होते, तिथं हे काहीच नव्हतं, दर मे महिन्यात कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, आणि चार दिवसांनी माकडांची टोळी येऊन परत पाच-दहा फोडून जायची, मग पन्नी. ज्यांच्याकडे अजून कवेलू आहेत त्यांनी पन्नासेक जास्तीचे आत्ताच आणून ठेवा, आता सगळीकडे मिळत नाहीत. टिनाची छपरी असेल तर टिन बदलायची घाई नको, आधी हुकाखालचे रबरी वायसर पाहा, उन्हानं कडक होऊन तडकतात आणि पाणी तिथूनच शिरतं. वायसर अन् हुक नागपुरात इतवारीच्या बाजारात लोहा ओळीत किलोवर आणि डझनावर मिळतात, कॉलनीतल्या दुकानापेक्षा स्वस्त, फक्त शनिवारी दुपारी गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगमध्येच दिवस जातो.

आता खाली या. घराच्या भोवती. आपल्याकडची काळी माती मेमध्ये भेगाळते, हात जाईल एवढी, आणि पावसात फुगते, आणि घर त्या दोन्हीच्या मध्ये दरवर्षी थोडं थोडं हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात त्या बरेचदा याच्याच. प्लास्टर करणारा म्हणतो पुट्टी भरून देतो साहेब, भरूही द्या, पण आधी चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. आमच्या बेडरूममध्ये तीन तारखा आहेत एकाच चिरेवर, तिसरी मागच्या ऑक्टोबरची, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे म्हणून मी निवांत आहे. वाढत असेल, किंवा आत बोट जाईल एवढी रुंद झाली असेल, तर मिस्त्री नाही, इंजिनीअर बोलवा, त्याची फी पुट्टीच्या चार डब्यांपेक्षा बरी. आणि भिंतीलगत दोन-तीन फुटांचा सिमेंटचा कोबा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, हा खर्च मी रंगाच्या आधी करीन, कारण पाया भिजणं-सुकणं जेवढं कमी तेवढी माती कमी खेळते. सांदवाडीतली (घरामागच्या मोकळ्या जागेतली) केळी आणि भिंतीला टेकून लावलेलं कण्हेर तिथून हलवा, आई नाही म्हणेल, तरी हलवा. (आमच्याकडे केळी अजून तिथंच आहे.)

चेंबरची झाकणं उघडून एकदा बादलीभर पाणी ओतून पाहा, दुसऱ्या चेंबरात लगेच दिसलं पाहिजे. अंबाझरी तलावाच्या खालच्या, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांना हे सांगायची गरज नाही, २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. तळमजल्यावर राहत असाल तर कागदपत्रांची पेटी पलंगाखालून काढून माळ्यावर, इन्व्हर्टरची बॅटरी दोन विटांवर नको, चांगल्या उंच स्टँडवर, आणि पुढे कधी वायरिंग केलं तर खालचे प्लग कमरेएवढ्या उंचीवर घ्या.

वायरिंगवरून कुलर. यावर मी कंजूषी करत नाही. लोखंडी बॉडी, आत पाणी, शेजारी ओली फरशी आणि त्यात टू-पिन लावलेला, हे नागपुरात घरोघरी आहे आणि दर उन्हाळ्यात त्यानं माणसं जातात. मागच्या मेमध्ये आईनं पाणी भरताना हात लावला आणि "झिणझिणलं" म्हणाली, एवढ्यावर निभावलं कारण पायात स्लीपर होती. तेव्हा टेस्टर लावला तर बॉडीवर दिवा लागला. म्हणून यादीत: थ्री-पिन प्लग, हिरवी वायर कुलरच्या बॉडीला खरंच जोडली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासणं, पंपाच्या वायरचा जोड पाण्यात नसणं, आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच. ती असेल तर महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा, खटकन पडली पाहिजे. उन्हाळ्यात जमीन सुकते तशी अर्थिंगही कमजोर होते, अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायचं, आमचे बाबा ते तुळशीच्या पाण्यासोबतच करायचे. आणि पाणी भरताना प्लग बाहेर, नुसतं बटण बंद नाही, प्लग बाहेर.

पाऊस लागला की हवा ओली होते अन् कुलर तसाही गार करत नाही, त्याला कोरडी हवा लागते, तेव्हा उगाच चालवून घर दमट करू नका. गवत काढून फेका, टाकी घासून कोरडी करा, तळाला गंज असेल तिथं रेड ऑक्साइडचा एक हात. टाकीत पाणी तसंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार.

बाकीचं भराभर. दारं पावसात फुगतात, पण पावसातच रंधा मारला की हिवाळ्यात फट पडते, अडतं तिथं पेन्सिलीची खूण करा आणि सुकल्यावर थोडंच काढा, मग वरच्या आणि खालच्या कडेला ऑइलपेंट, सुतार ती कड नेहमी तशीच सोडतो. खिडक्यांच्या जाळ्या बदला. दारांच्या चौकटी ठोकून पाहा, उधई (वाळवी) असेल तर पोकळ आवाज येतो. टाकी धुवा. गॅलरीतल्या मोटरीवर झाकण.

आणि एवढं करून पैसे उरले अन् रंगाचा मोह झालाच, तर भिंतीवर एक फूट पन्नी चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूनं थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे, वरून काहीही लावा, निघणार. बायको म्हणते दसऱ्याला तरी लावू, मी म्हणतो दसऱ्याला परत पन्नी लावून पाहू.

पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा चहा करून घेऊन बसू नका लगेच, आधी टॉर्च आणि खडू घेऊन घरभर एक चक्कर मारा, ओल दिसेल तिथं भोवती गोल करा आणि मोबाइलवर फोटो काढा, सुकल्यावर कोणालाच आठवत नाही कुठून येत होतं ते. आमच्या जिन्यात तसले दोन गोल आहेत. बादली एकाखाली, दुसऱ्याला अजून गरज नाही.