हर्णैचा लिलाव, आंबोलीचं धुकं: फोटो छपाईसाठी सुती कागद निवडताना

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. ओल्या वाळूवर सुरमई-पापलेटचे ढीग, भोवती कडं करून उभ्या बायका, आणि उजेड उतरू लागला की माशांच्या अंगावर येणारी ती चंदेरी झाक. माझ्या पहिल्या प्रदर्शनासाठी मी तिथला एक फोटो काढून ठेवला होता. कागद घेतला हानेम्युले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग, ३०८ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम), शंभर टक्के सुती. ज्याला विचारावं तो याच कागदाचं नाव घेत होता. प्रिंट बाहेर आला आणि मी गप्पच झाले. माशांची चमक गेली होती, ओली वाळू कोरडी दिसत होती आणि काळोखाच्या जागी राखाडी धूर साचल्यासारखा वाटत होता.

त्याच पाकिटातल्या पुढच्या कागदावर आंबोलीच्या घाटातल्या धुक्याचा फोटो छापला. तो मात्र इतका जमून आला की कागदाचा पांढरेपणा कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येईना. कागद एक, मशीन एक, शाई तीच. नव्याने छपाईत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन प्रिंट शेजारी ठेवून दाखवते, कारण ‘सगळ्यात चांगला कागद कोणता’ हा प्रश्न तिथेच सुटतो. कागद फोटोसाठी निवडायचा असतो.

असं का झालं? मॅट, म्हणजे तकाकी नसलेल्या, सुती कागदावर शाई वरच्या लेपात मुरते आणि खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरतो. त्यामुळे काळा रंग एका मर्यादेपलीकडे गडद होत नाही. काळ्याच्या या मर्यादेला छपाईवाले ‘डी-मॅक्स’ म्हणतात. चांगल्या मॅट कागदाचा डी-मॅक्स साधारण १.६ ते १.७ असतो, तकाकी असलेल्या बरायटा कागदाचा २.३ च्या आसपास किंवा वर. हे आकडे घातांकाचे आहेत, म्हणून फरक वाटतो त्याहून फार मोठा आहे. १.६ म्हणजे पडलेल्या प्रकाशातला सुमारे अडीच टक्के परत येतो, २.३ म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. पाचपट फरक! हर्णैच्या फोटोचा सगळा जीव त्या काळ्यात होता. आंबोलीच्या फोटोत खरा काळा रंग कुठेच नव्हता, म्हणून तो तरला.

लिलावाचा फोटो शेवटी कॅन्सन कंपनीच्या प्लॅटिन फायबर रॅगवर छापला. तोही ३१० जीएसएमचा पूर्ण सुती कागद आहे, पण त्याला मंद तकाकी आहे. हानेम्युलेचा फोटो रॅग बरायटा, ३१५ जीएसएम, हाही याच जातीचा. बरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा थर, पूर्वी डार्करूमच्या फायबर कागदाला असायचा तोच. म्हणजे ‘सुती’ म्हटलं की मॅटच, हा समज पहिल्या दिवशीच सोडून द्या. कापूस आहे आतल्या गाभ्यात. शाई बसते ती वरच्या लेपावर, आणि प्रिंट कसा दिसेल हे बरंचसं तो लेप ठरवतो.

मग कापूस कशाला? टिकण्यासाठी. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात पडलं की पिवळं पडतं, कारण लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचं द्रव्य असतं. कापसात ते जवळजवळ नसतंच. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहतात ते आखूड तंतू या कागदांसाठी वापरतात, तरीही ते लाकडाच्या तंतूंपेक्षा लांब व चिवट असतात. ‘अल्फा सेल्युलोज’ लिहिलेला कागद लाकडाचाच, पण लिग्निन काढून शुद्ध केलेला. तो कमअस्सल नव्हे. हानेम्युलेचा जर्मन एचिंग अल्फा सेल्युलोजचाच आहे आणि मी तो आनंदाने वापरते. पण संग्रहासाठी कुणी प्रिंट विकत घेत असेल, तर मी कापूसच देते.

आता पांढरेपणाबद्दल. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल घालायची पद्धत घराघरात होती. कागदात तेच होतं. ऑप्टिकल ब्राइटनर अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतो, म्हणून कागद झगझगीत पांढरा दिसतो. वर्षांनुवर्षांच्या उजेडात त्याचा जोर ओसरतो आणि कागद आपल्या मूळ, किंचित पिवळट रंगावर येतो. एप्सनच्या हॉट प्रेस कागदात हा फरक नावातच आहे. ‘ब्राइट’मध्ये ब्राइटनर असतो, ‘नॅचरल’मध्ये नसतो. कॅन्सनच्या रॅग फोटोग्राफिकमध्येही तो नाही. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात कागदावर धरा. कागद निळा पेटला तर उत्तर मिळालं. जुन्या वाड्यांचे, माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो मला उबदार कागदावरच आवडतात. बर्फ किंवा चुना फासलेली भिंत असेल तर तोच कागद मळकट वाटतो.

पोताच्या मोहात नवे लोक हमखास पडतात, मीही पडले होते. हानेम्युलेच्या ‘विल्यम टर्नर’सारखा खरबरीत कागद हातात घेतला की सोडवत नाही. पण बारीक तपशील, म्हणजे पापण्या, तारा, पानांच्या शिरा, अशा पोतात हरवतात. निसर्गदृश्य मोठ्या आकारात छापणार असाल तर घ्या. ए-४ आकाराच्या चेहऱ्याला गुळगुळीत कागदच बरा.

‘जिक्ले’, म्हणजे इंकजेटवर काढलेला कलात्मक प्रिंट, या शब्दाबद्दलही सांगते, कारण गिऱ्हाईक तो फार विचारतं. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्समध्ये आयरिस या सुरुवातीच्या इंकजेट यंत्रावर चित्रं छापणाऱ्या जॅक डुगान यांनी हा शब्द रूढ केला. फ्रेंचमध्ये त्याचा संबंध फवारण्याशी आहे. तेव्हाची डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, लवकर उडायची. टिकाऊपणाची आजची चर्चा खरी सुरू झाली ती पिगमेंट शाई, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, आल्यावर. तेव्हा पाटीवर ‘जिक्ले’ लिहिलेलं असलं तरी शाई पिगमेंट आहे का आणि कागद कशाचा आहे, हे दोन प्रश्न विचाराच.

कागदाआधी आपलं मशीनही बघा. मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाई लागते, तकाकीच्या कागदाला फोटो ब्लॅक. एप्सनच्या पी-८०० मध्ये दोन्ही काळ्या एकाच वाटेने जातात, त्यामुळे अदलाबदल करताना वेळ जातो आणि शाईही. त्या मशीनवर आज मॅट, उद्या बरायटा असं करत बसाल तर शाईचं बिल डोळ्यांत पाणी आणेल. पी-९०० आणि कॅननच्या प्रो-१००० मध्ये ही अडचण नाही.

पावसाळ्याने मला सगळ्यात महाग धडा दिला. जुलैमध्ये पुण्यात एक पाकीट अर्धं वापरून टेबलावर तसंच ठेवलं. चार दिवसांनी कडा लाटेसारख्या उचलल्या होत्या. तरी मी कागद घातला. मशीनचं शाई फवारणारं हेड कडेला घासलं, काळा ओरखडा उमटला, आणि पुढचा अख्खा दिवस नोझल साफ करण्यात गेला. कापूस हवेतला ओलावा पितो, त्याला इलाज नाही. तेव्हापासून उरलेले कागद मूळ प्लास्टिकमध्ये, झिप पिशवीत, आडवे, वर सपाट वजन ठेवून. खोलीत स्वस्तातलं का होईना, पण आर्द्रता मोजणारं काहीतरी हवंच. ४० ते ६० टक्क्यांत काम नीट होतं. कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर डीह्युमिडिफायर चैनीची वस्तू धरू नका. आणि जाड कागद छापताना सेटिंगमध्ये हेडची उंची ‘वाइड’ करायला विसरू नका.

सुती कागदावर सुटे तंतू आणि लेपाची भुकटी असते. छपाईआधी मऊ रुंद ब्रशने कागद तिरका धरून झटका. नाहीतर त्या कणावर शाई बसते, नंतर कण गळतो आणि नेमका गालावर पांढरा ठिपका राहतो. छापायची बाजू ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. चिकटेल ती लेपाची.

पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला सुती चिंध्यांचा कागद पाहून मला वाटलं, यावर का छापू नये? छापला. शाई पसरली, रेषा फुलल्या, कारण त्याला इंकजेटचा लेप नव्हता. फोटोसाठी तो उपयोगाचा ठरला नाही, पण प्रिंटसोबत द्यायच्या प्रमाणपत्रासाठी आणि वेष्टनासाठी मी आजही तोच वापरते, आणि लोक आधी त्यालाच हात लावून बघतात.

सुरुवात करताना पूर्ण पाकीट घेऊ नका. ए-४ चे नमुना संच मिळतात. त्यातून तीन कागद काढा: एक गुळगुळीत मॅट सुती, एक तकाकीचा सुती, एक पोताचा. तिन्हींवर एकच फाइल छापा. त्या फाइलमध्ये एक चेहरा, एक अंधारा फोटो, एक फिकट फोटो, आणि ०, ५, १०, १५ असे ३० पर्यंत करड्या रंगाचे चौकोन असू द्या (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). कुठल्या आकड्यापर्यंत चौकोन एकमेकांत मिसळतात ते बघा. त्या खालची सावली तो कागद गिळतो. प्रत्येक कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरवायचे हे सांगणारी फाइल, कंपनीच्या साइटवरून आपल्याच मशीनसाठीचं उतरवा आणि त्यात सांगितलेला मीडिया टाइपच निवडा. मत लगेच बनवू नका. प्रिंट एक दिवस उघडा वाळू द्या. ओल्या प्रिंटवर काच बसवली तर आतून धुरकट थर चढतो.

दुसऱ्या दिवशी प्रिंट खिडकीपाशी न्या, मग जिथे टांगणार त्या खोलीतल्या दिव्याखाली. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने कागदाचं नाव, प्रोफाइल, तारीख लिहा. माझ्याकडे अशा चौकोनांची एक जाड फाइल झाली आहे. कुणी नवा फोटो घेऊन आलं की आधी ती उघडते, आणि हर्णै-आंबोलीचे ते दोन्ही प्रिंट पहिल्याच पानावर आहेत.