बाळ घरी येण्याआधी घराची तयारी

डोहाळजेवण झालं की बाळाच्या खरेदीला सुरुवात होते. माझ्या यादीत मात्र पहिली येते ती घरातली जमीन. पीव्हीसीची चटई किंवा व्हिनाईलचं फ्लोअरिंग असेल तर काढून टाका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती प्लॅस्टिकला घट्ट जोडलेली नसतात, हळूहळू सुटतात आणि धुळीत बसतात. स्वीडनच्या वार्मलँड भागातल्या सुमारे ४०० मुलांच्या झोपायच्या खोल्यांमधली धूळ तपासली गेली. २००४ साली आलेल्या त्या अभ्यासात नाकाची ॲलर्जी, इसब किंवा दमा असलेल्या मुलांच्या खोल्यांत काही थॅलेटचं प्रमाण जास्त निघालं. एवढ्यावरून ॲलर्जीचं कारण तेच, असं म्हणता येत नाही. पण रांगणारं बाळ दिवसभर जमिनीवर असतं आणि तेच हात तोंडात घालतं. म्हणून सतरंजी किंवा गोधडी अंथरा, कोरडा केर उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

खरं तर ही तयारी दिवस राहिल्यापासूनच हवी. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात ज्या गरोदर बायकांच्या लघवीत काही थॅलेटचे अंश जास्त आढळले, त्यांच्या मुलांत पुढे दम्याचं प्रमाणही जास्त दिसलं. तेव्हा गरम वरण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, उकळता चहा किंवा सांबार पातळ पिशवीत बांधून आणू नका. पार्सल आणायचंच तर स्टीलचा डबा घेऊन जा. उग्र वासाचे परफ्यूम आणि नेलपॉलिश काही महिने बाजूला ठेवा. रंगकाम लवकर उरका, आणि ते चालू असताना गरोदर बाईला त्या घरात ठेवू नका.

वरचं दूध द्यावं लागलंच तर वाटी-चमचा किंवा चांदीचं बोंडलं उत्तम, धुवायलाही सोपं. बाटलीच हवी असेल तर काचेची घ्या. ‘बीपीए-फ्री’ म्हणजे बीपीए हे रसायन नसलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतही उकळतं पाणी ओतून हलवू नका, त्यातून प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटतात. पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट झाल्यावर बाटलीत भरा.

बाळंतविडा आणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: सुगंधी लोशन-पावडर नको, सुती दुपटी आणा. खेळणी आयएसआय चिन्ह बघूनच घ्या.

आईला दमा असेल तर यातलं काहीही औषधाची जागा घेत नाही. गरोदरपणात पंप मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.