गुहेत उतरण्याआधी आरव्हीतलं कपाट उघडा

न्यू मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटातून आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स या गुहांच्या राष्ट्रीय उद्यानाला निघालात, तर भर उन्हाळ्यातही स्वेटर हाताशी ठेवा. बाहेर अंगाची लाही होत असली, तरी गुहेत बारा महिने साधारण 13 अंश सेल्सिअसच असतं. नैसर्गिक तोंडातून पायी उतरायचं तर सुमारे 2 किलोमीटरची, वळणं घेत खाली जाणारी वाट आहे, अधूनमधून ओलसर आणि घसरडी. चपला गाडीतच राहू द्या, तळव्याला पकड असलेले बूट घाला. आणि हे बूट याआधी दुसऱ्या कुठल्या गुहेत घातलेले नकोत. वटवाघळांचा जीव घेणारी बुरशी कपड्या-बुटांना चिकटून एका गुहेतून दुसरीत जाते. वरवर धुऊन भागेल असं धरू नका, सरळ वेगळा जोड ठेवा.

प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवा. आत प्यायला फक्त साधं पाणी चालतं. कुत्रा सोबत असेल तर त्याला गाडीत कोंडून जाऊ नका. एसी बंद पडला की पत्र्याचा डबा तापायला कितीसा वेळ लागतो! उद्यानात आरव्हीचा मुक्काम करता येत नाही, तेव्हा रात्रीची जागा बाहेर ठरवा आणि इंधन-पाणी गावातच भरून घ्या.