बालगृहातून तक्रार आली की पहिल्या चोवीस तासांत काय करायचं

जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्याने रुजू होणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. "आधी नीट खात्री करून घ्या, उगाच संस्थेची बदनामी नको." देणारा वयाने आणि हुद्द्याने मोठा असतो, त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि पाळला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 ला पुरावा लागत नाही. माहिती किंवा नुसती शंका असली तरी विशेष बाल पोलीस पथकाला वा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. सद्हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही तरी कळवणाऱ्याच्या अंगाशी काही येत नाही. तेव्हा त्रिसदस्यीय चौकशी समिती, सात दिवसांत अहवाल, संस्थेचा खुलासा, यातलं काहीही आधी नको. तपास पोलिसांचा. आपलं काम मुलाचं.

तक्रार मारहाणीची असेल तर ती "शिस्तीची बाब" म्हणून बाजूला सारू नका. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 नुसार संस्थेच्या कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागणं हा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे.

लेखी कळवा, नोंद क्रमांक घ्या, प्रत बाल कल्याण समितीला, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आता मुलाशी बोलण्याचं. इथे मी स्वतः चुकलो आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, तक्रार स्वयंपाकाच्या मावशींनी केलेली, संस्थेत काम करणाऱ्या एका काकांविरुद्ध. मी त्याला अधीक्षकांच्या खोलीत बोलावलं, कारण पंखा तिथेच होता. अधीक्षक शेजारी बसलेले. मी विचारलं, "काकांनी तुला त्रास दिला का?" तो "हो" म्हणाला. मी खूश, कारण वाक्य अहवालात जसंच्या तसं बसत होतं. मग समितीपुढे तेच, ठाण्यात तेच, रुग्णालयात तेच, शिवाय संस्थेच्या विश्वस्तांना "एकदा स्वतः ऐकायचं" होतं. पाचव्या वेळी तो म्हणाला, "तसं काही नव्हतं. मी खोटं बोललो." काका महिनाभरात कामावर परत आले. मुलाची "त्याच्याच हितासाठी" दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली, आणि त्याचा धाकटा भाऊ तिथेच राहिला.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो.

अधीक्षकांच्या खोलीत कधीही नाही. त्या खोलीत मुलं रागवून घ्यायला जातात. अंगण, वाचनाची खोली, पायरी, मूल म्हणेल ती जागा. बरोबर कोण बसणार हेही मुलानेच सांगायचं. संस्थेचा माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर नको, मग तो कितीही भला असो.

प्रश्नात उत्तर नको. "त्यांनी हात लावला का?" या प्रश्नाला मूल हो म्हणतं ते आपल्याला बरं वाटावं म्हणून, आणि नाही म्हणतं ते भीतीने. दोन्हींचा उपयोग शून्य. "काय झालं ते सांगशील?" आणि "मग?" एवढ्यावर माझं बहुतेक काम भागलं आहे. मूल गप्प झालं तर गप्प बसा. पेनशी खेळू नका, घड्याळ पाहू नका.

शब्द मुलाचेच लिहा. ते "खेळायला बोलावतात" म्हणालं तर "खेळायला बोलावतात" असंच. त्याचं "अश्लील वर्तन" करून ठेवलंत तर पुढे वकील विचारणार, हा शब्द दहा वर्षांच्या मुलाचा कसा?

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. तुम्ही सांगणार आहात. सरळ म्हणा, "मला हे दोन-तीन माणसांना सांगावं लागेल, ती कोण ते तुला सांगतो."

आणि तपशील उकरू नका. काळजी करण्यासारखं काही झालं आहे, कुणाकडून, आणि आज रात्री धोका आहे का, एवढं कळलं की थांबा. सविस्तर जबाब पोक्सोच्या कलम 24 प्रमाणे पोलीस घेतील. मूल राहतं तिथे किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशाशिवाय, आणि शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने. गणवेशातला हवालदार आला तर दारातूनच परत पाठवा. मी पाठवला आहे. विश्वस्त, नगरसेवक, पत्रकार यांना मुलाला भेटण्याचा काडीचाही अधिकार नाही.

मुलाने शब्द फिरवला तर फाइल बंद करू नका. तो का फिरवला ते पाहा. बालगृहातलं मूल हिशेब पक्का करतं. सांगितलं की आपल्यालाच हलवतात, दोस्त तुटतो, भाऊ तुटतो. म्हणून हलवायचं ते आरोपी कर्मचाऱ्याला, त्याच दिवशी, आवाराबाहेर. त्याची खोली आवारातच असेल तर तीही रिकामी. आई-वडिलांचा आधार नसलेल्या, बालगृहात राहणाऱ्या मुलाला पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचं असतं, आणि त्याला तिथून काढायचं का हे समिती तीन दिवसांत ठरवते. त्या सुनावणीत भावंडांचा विषय तुम्ही काढा, दुसरं कुणी काढत नाही.

त्या रात्री बालगृहात कोण झोपणार हे संध्याकाळी सहाच्या आत ठरवा. आरोपीचा मेहुणा रात्रपाळीला असल्याचं मला एकदा मध्यरात्री कळलं होतं.

वैद्यकीय तपासणी गुन्हा नोंदवण्याआधीही करता येते. मुलीची महिला डॉक्टरनेच. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकची नको.

सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते, हजेरीपट आणि भेटीची वही पोलिसांकरवी पहिल्याच दिवशी ताब्यात. दुसऱ्या दिवशी वहीला नवं कव्हर चढलेलं असतं.

नाव, फोटो, शाळा कुठेही बाहेर जाऊ देऊ नका. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटात मुलाच्या नावासह पत्र टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि "आमच्या तपासणीत कधी काही आढळलं नाही" हे वाक्य अहवालात लिहू नका. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातही अधिकाऱ्यांच्या भेटी होत होत्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने सामाजिक लेखापरीक्षण करताना मुलींशी बोलून पाहिलं, तेव्हा कुठे 2018 साली तिथले लैंगिक अत्याचार बाहेर आले. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ज्या 19 जणांना दोषी ठरवलं, त्यांत बाल कल्याण समितीची आणि बाल संरक्षणाची माणसं होती. आपल्याच खात्यातली, आपल्याच हुद्द्याची.

समितीकडून मुलाला सहाय्यक व्यक्ती नेमून घ्या आणि तिची ओळख त्याच आठवड्यात करून द्या. खटला लांबतो, तेवढा काळ मुलाला एक चेहरा ओळखीचा हवा.

पंधरा दिवसांनी परत जा, न कळवता, जेवणाच्या वेळी. पंक्तीत बसा. ज्याने सांगितलं त्याच्या शेजारी कुणी बसलं आहे का, ते पाहा.