प्रकल्प बंद, पाणी मात्र चालू: उन्हाळी भिजवणीआधी एक फेरी मारा

पहिली पाळी द्यायच्या आधी ओढ्याच्या वरच्या अंगाला, सांडपाणी प्रकल्पापर्यंत चालत जा. हवा सोडणाऱ्या यंत्रांची घरघर ऐकू येते का? टाकीतलं पाणी ढवळतंय, की वर हिरवी साय धरलीय? मी पाहिलेली बहुतेक नुकसानं या एका फेरीच्या आळसातून झाली. प्रकल्प बंद पडला म्हणून गटारं थांबत नाहीत. मैलापाणी बगलेच्या चारीतून तसंच ओढ्यात उतरतं. पाण्याची पातळी तीच दिसते, मग शंका कोण घेणार? पावसाळ्यात ते पातळ तरी होतं. उन्हाळ्यात ओढ्यात दुसरं पाणीच नसतं.

फसगत अशी, की पीक आधी जोरात येतं. एकरी ५ सेंटिमीटरची पाळी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. लिटरला ४० मिलीग्रॅम नत्र धरलं, तरी एका पाळीत ८ किलो नत्र शेतात जातं. त्यावर सवयीने युरिया टाकला की पाला माजतो, मावा चढतो, धान्य लोळतं. आधी युरिया थांबवा.

पाणी तपासून घ्या. क्षारता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत चिंता नाही; ३ च्या वर गेली तर ते पाणी नकोच. कॅडमियम हा विषारी जड धातू लिटरला ०.०१ मिलीग्रॅमच्या आत हवा. अहवाल येईपर्यंत माझा ठोकताळा: ओढ्यातल्या दगडांवर राखाडी, कापसासारखी बुळबुळीत झालर दिसली आणि बेडूक गप्प असले, तर मोटर लावू नका.

‘पाणी शुद्ध करणारे जिवाणू’ म्हणून महागडी बाटली गळ्यात मारतील. तिने क्षारही जात नाहीत, कॅडमियमही नाही. ते पैसे तपासणीला लावा.

दुसरं पाणी नसेलच तर:
- कच्च्या खायच्या भाज्या नकोत. कापूस किंवा झाडं चालतील
- तुषार नको, ठिबक आणि आच्छादन
- शेततळ्यात ८-१० दिवस साठवण; जंतांची अंडी तळाशी बसतात
- फळतोडणीआधी २ आठवडे पाणी बंद, खाली पडलेलं फळ उचलायचं नाही
- गमबूट, हातमोजे

प्रकल्पाच्या वाफ्यांतला वाळलेला गाळ फुकट मिळतो म्हणून ट्रॉल्या भरून आणू नका. जंतांची अंडी त्यात महिनोन्‌महिने तग धरतात, आणि जड धातू एकदा मातीत गेले की तुमच्या हयातीत निघत नाहीत. शेजारच्याने आणला, त्याचा गहू छान आला, हे मला सांगू नका. पालक जड धातू ओढून घेतो; तो लावून तपासायला सांगा त्याला.

आणि मोटर बसवायला बंद प्रकल्पाच्या टाकीत कुणीही उतरू नये. कुजक्या अंड्यांचा वास यायचा थांबला म्हणजे टाकीतला विषारी वायू गेला असं नव्हे. जास्त झाला की तो आधी नाकच बधिर करतो.