नाताळच्या परंपरांवर प्रेमकथा कशी उभी करावी

नाताळची प्रेमकथा लिहायला बसणारे बरेच जण आधी साहित्य गोळा करतात: तारे, घंटा, मेणबत्त्या, दारावरची हिरवी माळ, खिडकीबाहेरचा बर्फ. मग या देखाव्यात एक नायक आणि एक नायिका आणून उभे केले जातात आणि 24 डिसेंबरच्या रात्री त्यांचे जमते. अशा हस्तलिखिताची एक सोपी परीक्षा आहे. त्यातील नाताळ काढून तिथे एखादा लग्नसमारंभ किंवा उन्हाळी सुट्टी घालून पाहावी. कथानक जसेच्या तसे टिकले, तर त्या कथेत नाताळ केवळ मंडपापुरता होता असे समजावे. ख्रिस्ती प्रेमकथेत दोन धागे असतात, एक त्या दोघांच्या परस्परांतील नात्याचा आणि दुसरा प्रत्येकाच्या देवाशी असलेल्या नात्याचा, आणि हे धागे एकमेकांत गुंतण्याच्या जागा सणाच्या परंपरा आयत्या पुरवतात. म्हणून परंपरा निवडताना तिचे सौंदर्य मी नंतर पाहते. ती दोन माणसांना काय करायला भाग पाडते, हे आधी पाहते.

पहिले काम कॅलेंडर उघडण्याचे. पाश्चात्त्य परंपरेतील बहुतेक चर्चमध्ये आगमनकाळ (अ‍ॅडव्हेंट), म्हणजे नाताळची वाट पाहण्याचा चार रविवारांचा काळ, 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो, म्हणजे पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि या काळाची लांबी 22 ते 28 दिवस अशी बदलते. तपशील किरकोळ वाटला तरी कथेचा वेग त्यावर ठरतो. 2022 मध्ये नाताळ रविवारी आला, त्यामुळे चौथ्या रविवारनंतर पूर्ण आठवडा हाती होता. 2023 मध्ये मात्र चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी, 24 डिसेंबरला आली. नायिका ऑर्गन वाजवत असेल किंवा नायक पाळक असेल, तर दुसऱ्या प्रकारचे वर्ष फार उपयोगी पडते, कारण सकाळच्या उपासनेनंतर झालेले भांडण मिटवायला त्यांच्याकडे रात्रीच्या उपासनेपर्यंतचाच वेळ असतो आणि दोघांनाही त्याच इमारतीत परत यावेच लागते. लेखकाने योगायोग रचण्याची गरज उरत नाही. कथेचे वर्ष पुस्तकात छापले नाही, तरी ते लेखकाने ठरवलेले असावे.

माझ्या आवडत्या परंपरांमध्ये अ‍ॅडव्हेंट रीथ, म्हणजे हिरव्या पानांच्या कड्यात बसवलेल्या आणि दर रविवारी एकेक करून लावल्या जाणाऱ्या चार मेणबत्त्या, वरच्या जागी आहे. तिच्या आजच्या रूपाचा आरंभ 1839 मध्ये हॅम्बुर्ग येथे झाला असे मानले जाते. तिथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिन्रिख विखर्न या लुथरन धर्मसेवकांनी, नाताळ कधी येणार असे सारखे विचारणाऱ्या मुलांसाठी, गाडीच्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. ही परंपरा मुळात वाट पाहणाऱ्यांची आहे, आणि प्रेमकथेचा निम्मा भाग वाट पाहण्यातच जातो. पुष्कळ चर्चमध्ये दर रविवारी एका कुटुंबाला पुढे बोलावून वचन वाचायला आणि मेणबत्ती लावायला सांगतात. त्या रविवारचे कुटुंब ऐनवेळी आले नाही आणि लहान मुलगी असलेल्या विधुराला नायिकेसोबत उभे केले, तर मंडळीसमोर ते तिघे पाच मिनिटे एक कुटुंब दिसतात. काहीही न बोलता कथा पुढे सरकते, आणि घरी परतताना त्या मुलीने विचारलेला एखादा प्रश्न पुढच्या प्रकरणाला पुरतो.

मात्र चार मेणबत्त्यांना जोडलेले आशा, शांती, आनंद आणि प्रीती हे चार विषय घेऊन चार भागांची कथा बेतण्याचा मोह टाळावा. या विषयांचा क्रम सर्व चर्चमध्ये सारखा नसतो, शिवाय वाचकाला दुसऱ्या भागातच शेवटचा भाग दिसू लागतो. चारपैकी एकच रविवार निवडून त्यावर मुक्काम करावा. जिथे जांभळ्या मेणबत्त्या वापरतात तिथे तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी असते, कारण तो आनंदाचा रविवार मानला जातो. ज्या पात्राला त्या दिवशी आनंद होणे शक्य नाही, त्याच्याच हाती ती द्यावी.

गव्हाणीच्या देखाव्याला याहूनही अधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला, आणि तेथून ही प्रथा लोकप्रिय झाली. आज घरोघरी मांडल्या जाणाऱ्या देखाव्यात कथालेखकाच्या उपयोगाच्या दोन रीती आहेत. पहिली रीत अशी की 24 तारखेच्या रात्रीपर्यंत बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायची नाही. देखावा मांडून झाला तरी मधली जागा रिकामी असते, आणि मूर्ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असते. ही मूर्ती हरवल्याची कथा इतक्यांनी लिहिली आहे की आता ती लिहू नये. पण ती जागा कोणाला माहीत आहे हा प्रश्न अजून ताजा आहे. दिवंगत आईने मूर्ती कुठे ठेवली असेल हे मुलाला आठवत नाही आणि आईची अखेरच्या महिन्यांत देखभाल करणाऱ्या नायिकेला ते नेमके ठाऊक असते, एवढ्यावर त्यांच्यातील मत्सर, अपराधी भाव आणि जवळीक तिन्ही उभे राहतात.

दुसरी रीत मागी लोकांची, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची. अनेक घरांत त्यांच्या मूर्ती आरंभी घराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या सरकवत 6 जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, गव्हाणीपाशी आणतात. ज्या नायकाला उशीर होणार आहे, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. नाताळच्या दिवशी सर्व जण जमलेले असताना तो आलेला नसला, तरी देखाव्याच्या हिशेबाने अजून उशीर झालेला नसतो, आणि हे लहान मुलालाही सांगता येते. शास्त्रवचनांबाबत इथे काटेकोर राहावे. मागी किती होते हे शुभवर्तमानकार मत्तय सांगत नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात आले असे तो म्हणतो. दुसरा शुभवर्तमानकार लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, पण बैल आणि गाढव त्याच्या वृत्तांतात नाहीत, ते जुन्या करारातील यशयाच्या पहिल्या अध्यायातील ओळीवरून देखाव्यात आले. पात्रांनी रूढ समजुतीप्रमाणे बोलावे, निवेदकाने मात्र चूक करू नये, कारण या प्रकारचे वाचक पवित्र शास्त्र जवळ ठेवून वाचतात.

पूर्वसंध्येच्या मेणबत्ती-उपासनेत एक हातचा नियम असतो. ज्योत एकाकडून दुसऱ्याकडे देताना पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि विझलेली तिच्याकडे वाकवायची, म्हणजे वितळलेले मेण सांडत नाही. असे नियम लेखकाने वहीत टिपून ठेवावेत, कारण प्रसंग त्यांच्यातून आपोआप हलू लागतो. उदाहरणार्थ:

त्याने आपली पेटती मेणबत्ती तिच्याकडे झुकवली. “तुमची सरळ राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “वाकायचं ते माझ्या मेणबत्तीनं.” तिने आपली आडवी करून त्याच्या ज्योतीला टेकवली. वात आधी नुसती काळवंडली, मग तिने ज्योत धरली. पलीकडे उभ्या असलेल्या आजींनी तोवर आपली मेणबत्ती पुढे केली होती.

या प्रसंगाचा अर्थ पात्रांच्या तोंडून सांगू नये. आजींना घाई आहे, रांग थांबलेली आहे, आणि दोघांना एकमेकांकडे पाहायला फार तर दोन क्षण मिळतात. परंपरेचा वेग पात्रांच्या इच्छेपेक्षा वेगळा असला की प्रेमकथेला ताण मिळतो.

नाताळगीतांबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच आहे की गीत ऐकण्यापेक्षा ते बसवण्याचे प्रसंग लिहावेत. ‘सायलेंट नाइट’ या नावाने जगभर गायले जाणारे गीत 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातील ओबेर्नडोर्फ येथे प्रथम गायले गेले. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल शिक्षक फ्रान्झ क्साव्हर ग्रुबर यांची आणि साथ गिटारची. एकाचे शब्द, दुसऱ्याची चाल आणि हाताशी थोडा वेळ, ही रचना आजच्या कथेतही चालते. चर्चचा ऑर्गन बिघडतो आणि नायक तो दुरुस्त करतो, हे कथानक मात्र आता पुरे झाले.

विश्वासाचा धागा विणताना सर्वाधिक हस्तलिखिते घसरतात. अविश्वासी नायक नाताळच्या रात्री प्रवचन ऐकतो, गुडघे टेकतो आणि पुढच्या पानावर नायिकेला मागणी घालतो, तेव्हा तो देवासाठी बदलला की तिच्यासाठी, हे वाचकाला कळत नाही. या दोन निर्णयांत अंतर ठेवावे, आणि शक्य असल्यास विश्वासाचा निर्णय अशा वेळी घडवावा की त्याने नायिका मिळण्याची आशा त्या वेळी सोडलेली असेल. पवित्र शास्त्रातच याचे नमुने आहेत. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील योसेफ हा वाग्दत्त वधू मरीयेला गुपचूप सोडण्याचे ठरवून झोपतो आणि उठल्यावर तिला घरी आणतो. त्याच्या तोंडी एकही वाक्य दिलेले नाही. जुन्या करारातील रूथ आणि बवाज यांची कथा तर बेथलेहेमातच घडते आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आहे. परकी विधवा, सासूशी निष्ठा, शेतात मिळालेला आसरा, विवाहाआधी दुसऱ्या नातलगाचा हक्क, असा सगळा मसाला तिथे तयार आहे. नाताळच्या कथेत रूथचे पुस्तक वाचणारी नायिका मला येशूजन्माची कथा सांगणारा लूकचा दुसरा अध्याय पाठ म्हणणाऱ्या नायिकेपेक्षा अधिक खरी वाटते. वचन उद्धृत करायचेच असेल, तर एका प्रसंगात एकच ओळ पुरते, आणि ती ओळ त्या पात्राला त्या क्षणी अडचणीची वाटली पाहिजे.

लांबीच्या बाबतीत सणाची कथा आटोपशीर असावी. साधारण 20 ते 40 हजार शब्दांची लघुकादंबरी वाचक आगमनकाळातच संपवू शकतो, आणि अशी पुस्तके पुष्कळदा दोन-तीन कथांच्या संग्रहातही निघतात. चार्ल्स डिकन्स यांची प्रसिद्ध नाताळकथा 19 डिसेंबर 1843 रोजी प्रकाशित झाली, ती पाच भागांत आहे आणि घरात मोठ्याने वाचण्यासारखी आहे. लूककृत शुभवर्तमानात 24 अध्याय असल्यामुळे 1 डिसेंबरपासून रोज एक वाचण्याची रीत अनेक घरांत आहे. ज्या वाचकांना ही सवय आहे, त्यांच्यासाठी कथेचीही 24 छोटी प्रकरणे करून पाहण्यास हरकत नाही, मात्र मग प्रत्येक प्रकरण स्वतंत्र बैठकीत वाचले जाईल हे धरून त्याच्या आरंभी स्थळ आणि वेळ स्पष्ट करावी.

ही पुस्तके बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दुकानांत येऊ लागतात, म्हणून लेखन त्याच्या कितीतरी आधी, अगदी वेगळ्या ऋतूत करावे लागते. त्यासाठी डिसेंबरातच टिपणे काढून ठेवावीत: उपासनेनंतर विझलेल्या मेणबत्त्या कोण गोळा करतो, देखावा उतरवताना मूर्ती कशात गुंडाळतात, पहिल्या बाकावर कोण बसत नाही. जुन्या गीतांचे मूळ शब्द मुक्त असले तरी त्यांची आधुनिक भाषांतरे आणि पवित्र शास्त्राच्या नव्या आवृत्त्या यांवर हक्क राखलेले असू शकतात, तेव्हा ओळी घेण्याआधी प्रकाशकाच्या अटी पाहाव्यात. शेवटी हस्तलिखित आपल्यापेक्षा वेगळ्या पंथाच्या एका वाचकाला दाखवावे आणि त्यासोबत कथेतील तारखा व वार यांचा तक्ता द्यावा. मेणबत्तीचा चुकलेला रंग किंवा रविवारी पडलेला भलताच दिवस संपादकाच्या आधी त्याच्या लक्षात येतो.