प्रयोगाचे प्लॉट आखायच्या आधी

टेप, दोरी, खुंट्या, चुना, नकाशा यांवर शब्द घालवत नाही. आधी एवढंच ठरवा: कापणीच्या दिवशी वजनाला नेमकं किती क्षेत्र उरणार? खताच्या प्रयोगात मी हेच विसरलो. ४५ सें.मी. अंतराच्या चार ओळी, लांबी ५ मीटर, प्लॉट ९ चौ.मी.; कागदावर पुरेसा वाटला. मग शेजारच्या प्लॉटचं जास्तीचं नत्र कडेच्या ओळींनी खाल्लं. त्या काढल्या, दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडला, आणि हातात राहिले ३.६ चौ.मी. एवढ्यात १०० ग्रॅम दाणे सांडले तर हेक्टरी २७८ किलोंची चूक. हंगाम वाया गेला.

तेव्हा नेट प्लॉट (ज्याचं वजन घ्यायचं ते क्षेत्र) आधी, त्याभोवती कडा, आणि मग जो येईल तो ग्रॉस प्लॉट, म्हणजे कडांसकट पूर्ण प्लॉट. आठ ओळी घेतल्या असत्या तर कडा सोडूनही १०.८ चौ.मी. मिळाले असते आणि तीच १०० ग्रॅमची चूक हेक्टरी ९३ किलोंवर आली असती. पाण्याच्या प्रयोगात पाणी बाजूला झिरपतं, तिथे एक ओळ सोडून भागत नाही. कडा आणखी रुंद ठेवा.

आता जमीन. शक्य असेल तर एक हंगाम सगळीकडे एकच वाण, एकच खत देऊन पीक घ्या आणि लहान लहान तुकड्यांनी कापून वजनं नोंदवा. फेअरफील्ड स्मिथ या संख्याशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये अशाच आकड्यांवरून दाखवलं की प्लॉट मोठा केला की दर क्षेत्रामागचा फरक कमी होतो, पण क्षेत्राच्या प्रमाणात नाही, कारण शेजारची जमीन एकमेकींसारखी असते. ही घट किती वेगाने होते ते सांगणारा त्याचा घातांक तुमच्या जमिनीत ०.५ निघाला, तर प्लॉट दुप्पट करून व्हेरिअन्स (या फरकाचं माप) साधारण २९ टक्केच घटतो. तीच जमीन पुनरावृत्त्या (त्याच ट्रीटमेंटचे, म्हणजे तपासायच्या पर्यायाचे, आणखी प्लॉट) दुप्पट करायला वापरली तर सरासरीचा व्हेरिअन्स निम्मा होतो. म्हणून कडा सोडून पुरेसा नेट प्लॉट मिळाला की थांबा, उरलेली जमीन पुनरावृत्त्यांना द्या. पाच ट्रीटमेंट असतील तर निदान चार पुनरावृत्त्या, म्हणजे चुकीचे मुक्तांश (चुकीचा अंदाज बांधायला उरणारे स्वतंत्र आकडे) १२ होतात.

आकार लांबट, लांबी सुपीकतेच्या उताराच्या दिशेने. ब्लॉक (सगळ्या ट्रीटमेंट एकेकदा असलेला प्लॉटांचा गट) त्या उताराला आडवे. पेरणी यंत्राने असेल तर रुंदी यंत्राच्या पटीत, नाहीतर मधेच अर्धा फेरा उरतो.

नकाशावर कडेच्या ओळी वेगळ्या रंगाने दाखवा. कापणीला आलेल्या माणसांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष शेतात नेऊन दाखवा, कारण तोंडी सांगितलेलं सकाळच्या घाईत राहत नाही. कडा आधी कापा, त्यांचा माल शेताबाहेर न्या, मगच नेट प्लॉटला हात लावा.

चिठ्ठ्या पोत्याच्या आत आणि बाहेर. दाण्यांतला ओलावा मोजा. मेलेली रोपं मोजा, तीही उगवणीनंतर लगेच.